मास्तरांचा हापसा

वरच्या दोन्ही पटाशीच्या दातांवर एक तपकिरी रेघ होती. हिरडीपासून ज्वारीच्या दाण्याएवढं अंतर सोडून, दोन्ही दातांवर अगदी सारख्या उंचीवर, पट्टी ठेवून आखल्यासारखी. रेघेच्या खालचा भाग खडूसारखा पांढरा, चमक नसलेला. दात नवेच होते. त्यांच्या कडा अजून बारीक करवतीसारख्या होत्या.

दीपमालानं हे पाहिलं तेव्हा ती चर्चमध्ये वेदीपुढे उभी होती, तिच्या चिमटीत ख्रिस्तशरीर, म्हणजे प्रसादाची पातळ चकती होती, आणि समोर नऊ वर्षांची सायली डोळे गच्च मिटून, जीभ निघेल तेवढी बाहेर काढून उभी होती.

“ख्रिस्ताचे शरीर.”

“आमेन,” सायली जीभ आत न घेताच म्हणाली. मागे रांगेत कुणीतरी खुसकन हसलं.

दीपमालानं ती पातळ चकती तिच्या जिभेवर ठेवली. हात किंचित थबकला होता, तेवढंच. रांग पुढे सरकली. सायलीच्या मागे तिचा बाप, त्याच्या मागे त्याचे दोन भाऊ. एकामागून एक तोंडं उघडत होती आणि दीपमाला प्रत्येक तोंडाशी तेच दोन शब्द म्हणत होती. तिसरा एक शब्द तिच्या मनात होता आणि तो प्रार्थनेतला नव्हता.

फादर जीवन महिन्यातल्या एका रविवारी बीडहून येत. बाकीच्या रविवारी वचनं वाचणं, प्रार्थना सांगणं आणि पवित्र पेटीत ठेवलेलं ख्रिस्तशरीर वाटणं हे काम दीपमालाकडे होतं. आधी ते तिच्या दादांकडे, म्हणजे वडिलांकडे, आश्रुबा मास्तरांकडे होतं. मास्तर शाळेतले नव्हते. मिशनच्या वस्तीत धर्म शिकवणाऱ्याला मास्तर म्हणतात.

दुसरीकडे लोक ख्रिस्तशरीर हातावर घेतात, डाव्या तळव्याखाली उजवा धरून. इथे नाही. फार पूर्वी एका फादरांनी इथेही तसं सुचवलं होतं. तेव्हा मास्तर वेदीपुढे उभे राहून म्हणाले होते, “फादर, या लोकांनी लई वर्षं वंजळ केली. वरच्या आळीच्या हिरीवर वरून पानी वतायचे आन आमी खाली वंजळ धरायचो. देवाफुडं तरी ती करायला लावू नका.” फादरांनी आग्रह सोडला. करोनाच्या काळात तेवढी दोन वर्षं सगळ्यांना हात पुढे करावे लागले. ते संपल्याच्या पहिल्याच रविवारी वस्तीनं आपण होऊन पुन्हा जिभा बाहेर काढल्या.

म्हणून दीपमालाला दात दिसत.

*

प्रार्थना संपल्यावर माणसं नेहमीप्रमाणे चर्चच्या आवारातल्या हापशाशी थांबली. मास्तरांनी खटपट करून आणलेला तो हापसा निळा होता. मारियामातेच्या झग्याचा निळा, मास्तरांनीच निवडलेला. दरवर्षी त्यांच्या स्मृतिदिनाच्या आधी वस्तीतलं कुणीतरी त्याला नवा हात मारी. खालच्या ओट्यात एक फरशी बसवली होती, तिच्यावर मास्तरांचं नाव आणि ‘तान्हेल्याला पाणी’ एवढंच.

सायली ओट्याच्या कडेला बसून बोटानं राखुंडी घासत होती.

“सकाळी घासले नाहीस का गं दात?” दीपमालानं विचारलं.

“घासलेत. पन शाळंत पोरं म्हनत्यात ना, किरिस्ताव दात, किरिस्ताव दात.”

कौशल्याबाई, तिची आजी, दांडा दाबता दाबता हसली. “मग काय, संजयच्या पोरीला बी तेच म्हनत्यात की. ती बिचारी पानी हितलं पिती, पन रोज बुद्धवंदना करती. तरी किरिस्ताव दात.” तिनं घागर सरकवली. “वरच्या आळीतली एक म्हातारी मला म्हनली, तुमच्या देवानं तुमाला शिक्का मारलाय, मेल्यावर वळकायला. म्हनलं बरंच हाय की. चुकून तुमच्या दारात तरी जायचो न्हाई आमी.”

ओट्याभोवती सगळे हसले. हसताना सगळ्यांचे दात दिसले.

“तुझेच तेवढे पांढरे गं दीपे,” कौशल्याबाई म्हणाली. “तुला कुनी या वस्तीची म्हनंल का?”

दीपमालानं ओठ मिटले. हसू आलं तरी ओठ मिटून हसायची सवय तिला कॉलेजात असतानाच लागली होती, आणि ती का लागली हे तेव्हा तिला ठाऊक नव्हतं. माणसाचे कायमचे दात हिरडीच्या आत आठव्या वर्षापर्यंत घडून तयार होतात. त्या काळात पाण्यातून जे पोटात जातं त्याची नोंद दातात राहते, मग ती पुसता येत नाही. हापसा आला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिचे दात विहिरीच्या पाण्याचे होते, ओंजळीतल्या पाण्याचे.

सायलीनं चूळ भरली. हापशाच्याच पाण्यानं.

“गेले का?” तिनं दात दाखवत विचारलं.

*

घरी तिची आई मनकर्णा पलंगावर बसून वाट बघत होती. तिला चर्चपर्यंत चालवत नसे असं नाही. पण गुडघे टेकता येत नसल्यापासून ती फादर येतील त्याच रविवारी जाई. पाठ लाकडासारखी झाली होती. दारातून कुणी हाक मारली तर ती मान वळवत नसे, अख्खी वळे. वय झालं, असं सगळे म्हणत. ती सत्तरचीही नव्हती.

दीपमालानं पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि एक घोट घेतला.

“बीडावून आनली?”

“हो.”

“मागच्या वक्ताला बी आनलीवती.” मनकर्णा बाटलीकडे बघत होती. “घरचं पानी ग्वाड लागत न्हाई का आता?”

“तसं नाही आई.”

“मी उकळून ठिवती. तू म्हनली व्हतीस ना मागं, उकळ म्हनून. रोज उकळती. गार करून माठात वतती.”

दीपमालानं बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. उकळल्यानं जंतू मरतात. दात डागाळणारं, हाडं ताठ करणारं फ्लोराइड मरत नाही. पाण्याची वाफ होऊन जाते आणि ते भांड्यात राहतं, पहिल्यापेक्षा दाट. उकळ असं ती दहा वर्षांपूर्वी कधीतरी कावीळ पसरली होती तेव्हा म्हणाली होती, आणि आई ते विसरली नव्हती.

“उकळू नकोस,” ती म्हणाली.

“कावून?”

दीपमालानं वर बघितलं. भिंतीवर मास्तरांचा फोटो होता. हापशाचा दांडा धरून, पांढऱ्या सदऱ्यात, तोंड मिटून.

“गॅस जातो,” ती म्हणाली.

 मनकर्णा उठली, अख्खी वळली आणि माठातून तांब्याभर पाणी काढून प्याली. “शिकल्यालं मानूस,” ती माठाकडे बघतच म्हणाली, “घरच्या पान्याला बी पाव्हनं ऱ्हातंय.”

*

बीडला दीपमाला एका खोलीत राहत होती. खाली किराणा दुकान, वर ती. सकाळी प्रार्थना, मग प्रयोगशाळा, संध्याकाळी पुन्हा प्रार्थना आणि भाकरी. प्रयोगशाळेत जिल्हाभरातून पाण्याच्या बाटल्या येत. प्रत्येकीवर गावाचं नाव आणि स्रोत लिहिलेला असे. चर्चच्या आवारातला हापसा कुणाच्या यादीत नव्हता. तो मिशनच्या जागेत होता, त्यामुळे त्याचा नमुना घ्यायला कधी कुणी आलं नव्हतं. तो तिनं स्वतःच आणला होता, मागच्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात.

ही तपासणी तिला आवडायची, कारण ती उलटी होती. द्रावण लाल असतं. पाण्यात फ्लोराइड जितकं जास्त, तितका तो लाल फिका पडतो. एरवी दोष असला की रंग चढतो, इथे उतरतो. वस्तीच्या पाण्यात तो इतका उतरला की आकडा वाचण्यासाठी तिला नमुन्यात शुद्ध पाणी मिसळून पुन्हा बघावं लागलं.

एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, असं ती तेव्हा स्वतःला म्हणाली. ते खरंच होतं. उन्हाळ्यात पाणी खोल जातं म्हणून तिनं उन्हाळ्यात पुन्हा बघितलं. पावसाळ्यानंतर फरक पडतो म्हणून पावसाळ्यानंतर. मग थंडीत. दर वेळी लाल रंग तसाच उतरला. दर वेळी तिनं परीक्षानळी धुतली, पालथी घातली आणि हात पुसले. अशा हापशांना तांबडा रंग मारतात, पिऊ नये म्हणून. निळ्यावर तांबडा बसायला दोन हात लागतील, हेसुद्धा तिनं मनात धरून ठेवलं होतं.

सांगितलं तर काय होईल हे तिला नीट दिसत होतं. वरच्या आळीत टाकी झाली तेव्हा पाइप वस्तीपर्यंत आणायचं ठरलं होतं. ग्रामसभेत वस्तीतला एक जण उठून म्हणाला होता, “आमाला तुमचं पानी नको. आमाला मास्तरांचा हापसा हाय.” त्या रात्री वस्तीत गोड जेवण झालं होतं. पाइप वेशीपाशी येऊन थांबला तो थांबलाच. टाकीचं पाणी तपासणीत चांगलं निघे, आणि तिचा नळ आता वरच्या आळीतल्या अमरसिंह देशमुखांच्या फाटकासमोर होता. तिथे कुणी कुणाला अडवत नव्हतं. दिवस ते राहिले नव्हते. फक्त तिथे जाऊन उभं राहावं लागलं असतं, आणि फाटकाच्या आतून कुणीतरी म्हणालं असतं, ‘आलेच का शेवटी?’ मास्तर आयुष्यभर एवढ्याचसाठी झटले होते, की ते वाक्य वस्तीतल्या कुणाच्या कानावर पडू नये.

यंदाचा उपवासकाळ सुरू झाला त्या राखेच्या बुधवारी ती पहाटे चर्चला जाऊन कपाळावर राखेचा क्रूस घेऊन कामावर आली. प्रयोगशाळेतल्या प्रियदर्शनीनं तिच्याकडे बघितलं आणि पर्समधून रुमाल काढून पुढे केला.

“मॅडम, कपाळाला काहीतरी लागलंय.”

“असू दे,” दीपमाला म्हणाली. “आज असतं ते.”

“सॉरी. मागच्या वर्षीपण मी हेच केलं होतं ना?”

“त्याच्या मागच्या वर्षीपण.”

दोघी हसल्या. प्रियदर्शनी मनानं चांगली होती. दुपारी डबा खाताना दीपमालाला वाटलं, हिला सांगावं. मग वाटलं, हिला सांगून काय. ही म्हणेल, मग कळवून टाका ना मॅडम. इतकं सोपं होतं ते. तिनं डब्याचं झाकण लावलं. राख मिसळलेल्या घामाचा एक थेंब भुवईपर्यंत आला होता. तो तिनं पुसला नाही.

*

उपवासकाळातल्या पहिल्या रविवारी फादर जीवन मोटारसायकलवरून आले. मिस्साच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या आधी ते चर्चच्या मागच्या खोलीत खुर्चीवर बसले, गळ्यात जांभळा पट्टा घालून. खुर्चीच्या बाजूला एक जुनी ओढणी पडद्यासारखी बांधली होती. वस्तीतली चार माणसं पापनिवेदन करून गेल्यावर दीपमाला आत गेली आणि गुडघे टेकून बसली.

ती नेहमी जे सांगे तेच तिनं सांगितलं. राग, आळस, प्रियदर्शनीच्या रुमालावर मनात आलेलं एक कडवट वाक्य. आणि शेवटी, “ख्रिस्तशरीर देताना माझं लक्ष विचलित होतं.”

“हे तुम्ही दर महिन्याला सांगता,” फादर पडद्यापलीकडून म्हणाले.

“दर महिन्याला होतं.”

“कशानं होतं?”

हा प्रश्न त्यांनी याआधी विचारला नव्हता. बाहेर हापशाचा दांडा वरखाली होत होता. त्याची कुरकुर आत स्पष्ट ऐकू येत होती.

“दातांनी,” ती म्हणाली.

“दातांनी?”

मग तिनं सांगितलं. सगळं नाही, पण थांबताही आलं नाही. सायलीची रेघ, आईची पाठ, उतरलेला लाल रंग, चार वेळा धुतलेली परीक्षानळी, बीडहून आणलेली बाटली.  बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं. वर्षभर छातीत धरलेलं काहीतरी शेवटी दुसऱ्या माणसाच्या हाती दिलं असं वाटलं. हे बीडला जाऊन मिशनमधल्या वरिष्ठांशी बोलतील. फादरांनी सांगितलं की वस्ती ऐकेल. मास्तरांच्या पोरीनं सांगायला नको.

पडद्यापलीकडे खुर्ची हलली.

“दीपमालाताई,” ते म्हणाले, “तुम्ही हे मला कुठे सांगितलंत?”

तिला प्रश्न कळला नाही. मग कळला.

“या पडद्याआड जे ऐकलं ते मी बाहेर नेऊ शकत नाही. कुणालाही सांगू शकत नाही. बाहेर गेल्यावर तुमच्यापाशीसुद्धा हा विषय काढू शकत नाही. मी आता बाहेर जाईन आणि त्या हापशाचं पाणी मला कुणी दिलं, तर चेहरा न बदलता...” त्यांनी वाक्य सोडून दिलं.

सगळ्या जिल्ह्यात हे ज्याला सांगून उपयोग नाही असा एकच माणूस होता, आणि तिनं नेमकं त्यालाच गाठलं होतं. दर महिन्याला थोडं थोडं गाठलं होतं.

“आणि दुसरं,” फादर म्हणाले. “लक्ष जातं हे तुम्ही पाप म्हणून सांगता. ते मला पाप वाटत नाही. पाप असेल तर शेजारी कुठेतरी आहे. तुम्ही शोधा.”

ती मान खाली घालून बसली.

“प्रायश्चित्त म्हणून आज ख्रिस्तशरीर तुम्ही द्या. मी बसून राहीन. आणि डोळे वळवू नका. सगळ्यांकडे बघा.”

बाहेर आल्यावर ती दोन मिनिटं खोलीच्या भिंतीला टेकून उभी राहिली. ओट्यापाशी कौशल्याबाईनं फादरांना तांब्या पुढे केला होता. “उन्हातनं आलाव फादर. घ्या, मास्तरांचं पानी.” फादर जीवननी तांब्या दोन्ही हातांनी घेतला, वर केला आणि सगळा प्याले. दीपमालाकडे त्यांनी पाहिलं नाही.

*

त्या दिवशी तिनं डोळे वळवले नाहीत. सायलीनं या वेळी आधी आमेन म्हणून मग जीभ काढली. तिला कुणीतरी शिकवलं होतं. रेघ तिथेच होती, राखुंडीनं हिरडी मात्र लाल झाली होती. सायलीच्या बापाचे दात कडांना झिजून तुटले होते. त्याच्या धाकट्या भावाच्या दातांना खड्डे होते, नखानं कोरल्यासारखे. ती प्रत्येकाला म्हणाली, ख्रिस्ताचे शरीर, आणि प्रत्येक वेळी त्या दोन शब्दांचा अर्थ समोरच्या उघड्या तोंडापाशीच संपत होता.

शेवटी ती पहिल्या बाकाशी गेली. मनकर्णा बसूनच होती. तिनं मान वर करायचा प्रयत्न केला. मान थोडीच आली. दीपमालाला वाकावं लागलं. इतकं की दोघींची कपाळं जवळजवळ टेकली.

“ख्रिस्ताचे शरीर.”

“आमेन,” मनकर्णा म्हणाली.

प्रार्थना झाली. फादरांनी सूचना सांगितल्या. शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची प्रार्थना. पुढच्या रविवारी मास्तरांचा स्मृतिदिन. दरवर्षीप्रमाणे हापशाला हार आणि पाण्याला आशीर्वाद, नंतर त्याच पाण्याचं सरबत सगळ्यांना. निळा रंग आणलेला आहे, असं मागून कुणीतरी सांगितलं.

“आणखी कुणाला काही सांगायचंय?” फादरांनी विचारलं.

हे ते दर महिन्याला विचारत, आणि कुणाला काही सांगायचं नसे. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. ते समोरच्या दाराकडे बघत होते, आणि दारापलीकडे ऊन पडलेलं आवार होतं.

दीपमाला उभी राहिली. बाक कुरकुरला. सायली मागे वळून बघायला लागली. कौशल्याबाई कुजबुजली, “फुलांचं सांगती बग आता.”

तिनं मनात वाक्यं जुळवली होती, प्रमाण मराठीतली, प्रत्येकात एक आकडा असलेली. त्यातलं एकही आता जिभेवर येईना. तिला फक्त आईची पाठ दिसत होती. लाकडासारखी ताठ, वळू न शकणारी.

“आई,” ती म्हणाली. वडील गेल्यापासून ती चर्चमध्ये वस्तीच्या बोलीत बोलली नव्हती. “दादांच्या हापशाचं पानी आजपासून पेऊ नको. उकळून बी न्हाई.”

मनकर्णा बाकावरच अख्खी वळली, तिच्याकडे तोंड करून.

“कुनीच पेऊ नका,” दीपमाला म्हणाली. “उद्या सकाळी वरच्या टाकीवर घागर घिऊन पहिली मी जाती.”